रुमालाखालचा शब्द

मित्रांनो, रुमाल म्हटलं की तुम्हाला शाळेच्या खिशातली चौकोनी घडी आठवेल, नाक पुसायची. मी त्या जातीचा नव्हे. मी बैलबाजारातला जुना रुमाल आहे. खांद्यावर टाकला तर कमरेपर्यंत येणारा, जाड सुताचा, पांढरा आणि काठाला तांबडी पट्टी असलेला. पांढरा म्हणजे पूर्वी होतो. आताच्या माझ्या रंगाला नाव नाही.

सध्या माझा मुक्काम तुकाबाईच्या भाकरीच्या टोपलीत असतो. गरम भाकरी आली की माझ्यात गुंडाळतात. काम वाईट नाही, पोटाजवळचं आहे. पण एके काळी बेल्ह्याच्या बाजारात माझ्याखाली हात गेले, की मोठमोठे बैलवाले बोलणं थांबवून बघत राहायचे. ती गोष्ट मला सांगायची आहे. खरं तर ती माझी कमी आणि जानकूची जास्त आहे. पण जानकू आता सांगू शकत नाही, म्हणून हा भार माझ्यावर आला.

माझा जन्म कुठल्या मागावर झाला ते मला आठवत नाही. स्वतःचा जन्म कुणाला आठवतो? मला पहिलं आठवतं ते जुन्नरच्या पेठेतलं कापडाचं दुकान. तिथल्या फळीवर मी बरेच दिवस धूळ खात पडलो होतो. एक दिवस तुकाबाई आली. तेव्हा तिचं नवीन लग्न झालेलं होतं. दुकानदाराने चार रुमाल पुढे टाकले. तिने एकेक उचलून उजेडाकडे धरला आणि डोळे बारीक करून पाहिला.

"वहिनी, रुमाल घ्यायचाय का पडदा?" दुकानदार म्हणाला.

"आमचं मालक बैलबाजारात दलाल हायेत," तुकाबाई म्हणाली. "ह्याच्यातून आरपार दिसलं तर धंदा कसा व्हायचा?"

माझ्यातून आरपार दिसत नव्हतं, म्हणून मी तिच्या पिशवीत गेलो. माझ्या आयुष्यातली ती पहिली शाबासकी. आणि पुढे जे झालं, तेही मी आरपार दिसत नव्हतो म्हणूनच झालं.

दलाल रुमाल कशाला वापरतात हे तुम्हाला सांगायला हवं. बैलबाजारात भाव ओरडून सांगत नाहीत. विकणाऱ्याचा एक हात आणि दलालाचा एक हात, दोन्हींवर रुमाल टाकतात आणि आत बोटांनी बोलतात. कुठलं बोट धरलं की काय होतं, मूठ दाबली की काय होतं, हे त्या दोघांनाच कळतं. वरून नुसतं कापड हललेलं दिसतं. शेजारी उभ्या असलेल्या सख्ख्या भावालाही पत्ता लागत नाही. कुठल्या बोटाचा अर्थ काय, ते मी तुम्हालाही सांगणार नाही. तो धंद्याचा शब्द आहे.

जानकूचा हात उबदार होता आणि बोटं सरळ होती. म्हणजे वाकडी नव्हती असं नाही, मेंढरं हाकून आणि कासरे ओढून ती चांगली वाकलेली होती. पण ती दोन माणसांशी दोन भाषा बोलत नसत. विकणाऱ्याच्या हातात जो आकडा, तोच घेणाऱ्याच्या हातात. त्याची स्वतःची एक रीत होती. सौदा पटला की तो मला बैलाच्या शिंगाला बांधायचा. घेणारा बैल घेऊन बाजाराबाहेर पडेपर्यंत मी तिथे असायचो. शिंगाला जानकूचा रुमाल दिसला की दुसरा कुणी त्या बैलाजवळ फिरकत नसे. "बोलायचं काम न्हाई, त्यो जानकूनं दिलाय," असं लोक म्हणायचे आणि पुढे जायचे. मला तेव्हा फार अभिमान वाटायचा. शिंगावर बसल्यावर सगळा बाजार खालीच दिसतो.

जानकूचं घराणं धनगराचं. त्याचा बाप मेंढरं घेऊन हिंडायचा आणि दरवर्षी भगवंतच्या बापाच्या शेतात कळप बसवायचा. मेंढरांच्या लेंड्यांनी रान खतावतं, म्हणून शेतकरी आनंदाने जागा देत. त्या शेतात जानकू आणि भगवंत एका ताटात जेवत मोठे झाले. पुढे जानकूने मेंढरं सोडली आणि बैलांची दलाली धरली. भगवंत बापाच्या जमिनीवर राहिला. तो उंच, भरदार आवाजाचा आणि मनाने मोकळा माणूस होता, पण रागाला पटकन पेटायचा. त्याला बैलगाड्याचा नाद होता. आमच्या भागात यात्रेला चढाच्या वाटेवर बैलगाडे पळवतात, त्या वाटेला घाट म्हणतात. भगवंतच्या गाड्याला जुंपायचा बैल जानकूनेच बघायचा, असं ठरून गेलेलं होतं.

पूर्वी हे काम रखमाजीकडे होतं. रखमाजीही दलालच. गोड बोलायचा, अंगावर कडक इस्त्रीचा सदरा. एकदा त्याने भगवंतला म्हातारा बैल तरणा म्हणून दिला. बैल घाटात अर्ध्यावर बसला आणि सगळं गाव हसलं. त्या दिवसापासून भगवंत जानकूच्या हातात हात देऊ लागला. रखमाजीने तोंडावर कधीच काही दाखवलं नाही. भेटला की जानकूच्या खांद्यावर हात टाकायचा, म्हणजे माझ्यावर. त्याच्या हाताला अत्तराचा वास यायचा.

मी सांगतोय ते वर्ष नव्वदच्या दशकातलं. तेव्हा आमच्या गावच्या चौकात फोनचा पिवळा डबा नुकताच आला होता. त्या वर्षी जानकूला अवसरी खुर्दला एक बैल दिसला. कोसा रंग, आखूड शिंगं, आणि पाय असे की उभा राहिला तरी पळतोय असं वाटावं. तो सारजाबाईचा होता. तिचा नवरा आदल्या वर्षी गेला होता आणि दिराने एकेक वस्तू आपल्याकडे ओढायला सुरुवात केली होती. बैल दिराच्या हाती जाण्याआधी चांगल्या घरी जावा, एवढीच तिची इच्छा होती.

जानकू म्हणाला, "ताई, तुमच्या भावाला बोलवा. त्याच्यासंगं बोटं लावतो."

"भाऊ कशाला? माझ्या मालकाचा बैल हाय," सारजाबाई म्हणाली. "त्यांच्या जागी मीच हात घालनार. पन दादा, बाईनं हात घातला ही गोष्ट कुटं बोलू नका. विधवा बाईचं नाव बाजारात जायला येळ लागत न्हाई."

जानकूने मला पसरलं. बाईमाणसाचा हात माझ्याखाली आलेला मी तेव्हा पहिल्यांदा अनुभवला. तो हात नवखा होता, पण बोटं बरोबर बोलत होती. नवऱ्याच्या शेजारी उभी राहून ती सगळं शिकली होती. सौदा ठरला. पेरण्या उरकल्यावर बैल न्यायचा आणि तोवर कुणाला काही सांगायचं नाही, असंही ठरलं. जानकू तिला म्हणाला, "रुमालाखालचं रुमालाखाली राहील."

भगवंतला त्याने एवढंच सांगितलं, "तुझ्यासाठी बैल बघून ठिवलाय. कुनाचा ते इचारू नको. पेरणी झाली की आनतो." भगवंतने विचारलं नाही. तेव्हा विश्वास होता.

मग आमच्या गावची यात्रा आली. यात्रेत दरवर्षी गावातलीच मंडळी नाटक बसवायची, आणि त्या वर्षी आज्या-पणज्याच्या काळातलं एक जुनं शोकनाटक काढलं होतं. त्यात एक राजा असतो आणि त्याचा जिवाभावाचा सेनापती असतो. राजाने त्याला आपला शेला दिलेला असतो. कारभाऱ्याला हे सहन होत नाही. तो शेला चोरतो, शत्रूच्या तंबूत टाकतो आणि राजाच्या कानाला लागतो. राजा काही विचारत नाही, सेनापतीला मारतो, आणि शेवटच्या अंकात खरं कळल्यावर तोच शेला तोंडाला लावून रडतो.

राजा होता भगवंत. आवाज त्याचाच होता ना. कारभाऱ्याचं काम रखमाजीने मागून घेतलं. आणि शेला कोण? शेला मी. भगवंतच म्हणाला, "जानकू, तुझा रुमाल दे. तुझ्या रुमालाला इमान हाय, नाटकात बी शोभंल." तुकाबाईने मला धुऊन, निखारे घातलेल्या तांब्याने इस्त्री करून दिलं.

मित्रांनो, मी त्या दिवशी रंगमंचावर गेलो. दिवे अंगावर आले तेव्हा माझी तांबडी पट्टी किती छान दिसली असेल. पण मला त्या नाटकात सुख वाटलं नाही. कारभाऱ्याने मला चोरून बगलेत दाबलं, तेव्हा मला ओरडावंसं वाटलं, "महाराज, मी इथे आहे." रुमाल ओरडत नाही. नाटकातलासुद्धा ओरडत नाही.

शेवटी भगवंतने मला तोंडाशी धरलं आणि तो खरंच रडला. माझा एक कोपरा भिजून गेला. समोर बायका पदर डोळ्यांना लावत होत्या. जानकू पहिल्या रांगेत मांडी घालून बसला होता, तोही डोळे पुसत होता. बाजारात मिरच्या विकणारी म्हातारी लंकाबाई तर उठून उभी राहिली आणि तिने पायातली वहाण कारभाऱ्याच्या दिशेने भिरकावली. "मुडद्या, तुझं वाटोळं हुईल," ती म्हणाली. सगळे हसले, टाळ्या वाजल्या. रखमाजीने वहाण उचलून कपाळाला लावली. दुसऱ्या दिवशी गावभर त्याचं कौतुक झालं.

नाटक संपल्यावर सामान आवरताना रखमाजीने मला घडी घालून आपल्या पिशवीत ठेवलं. जानकू मागायला आला तेव्हा तो म्हणाला, "आरं, मी तर पेटीत टाकला व्हता. बघतो उद्या." पेटी उघडली, पडदे झटकले, रुमाल सापडला नाही. तुकाबाई जानकूवर चिडली, "आयुष्यात येक वस्तू दिली, ती बी नाटकात घालवली." मी त्या वेळी रखमाजीच्या एम-एटी गाडीच्या हँडलला पिशवीत लोंबकळत होतो.

त्या पिशवीतून मी जे ऐकलं, ते कुणाला सांगता आलं असतं तर मी आज भाकरीच्या टोपलीत नसतो. रखमाजी भगवंतच्या ओट्यावर जाऊन बसायचा. चहा व्हायचा. जानकूची निंदा तो कधीच करत नसे, उलट स्तुतीच करायचा.

"जानकूवानी मानूस बाजारात न्हाई, भाऊ," तो म्हणायचा. "फकस्त..."

"फकस्त काय?"

"काय न्हाई. जाऊ द्या. लोक काय, कायबी बोलत्यात."

एवढंच बोलून तो उठायचा. आठवड्याने पुन्हा यायचा. "परवा जानकू कुशाबासंगं चहा पीत व्हता, ओझरच्या फाट्यावर. सहज भेटला आसंल. मी तरी तसंच समजलो." कुशाबा हा ओझरच्या बाजूचा गाडामालक. घाटात एकदा गाडे सोडायच्या निशाणावरून वाद झाला, तेव्हापासून भगवंत आणि तो एकमेकांशी बोलत नव्हते. त्याचं नाव काढलं की भगवंतची बोटं ओट्याच्या कडेवर वाजायला लागायची. पिशवीत ते मला ऐकू यायचं.

आणि एकदा रखमाजी हळूच म्हणाला, "रुमालाखाली काय चालतं, ते देवालाच ठावं. आपन वरून नुसतं कापड बघतो."

बघा मित्रांनो, वाक्य साधंच आहे आणि खोटंही नाही. पण त्यानंतर भगवंतने कप अर्धाच ठेवून दिला. रखमाजी नेहमी अर्धंच बोलायचा. उरलेलं अर्धं भगवंत रात्रभर जागून स्वतः पुरं करायचा, आणि माणसाला स्वतः पुरं केलेलं जास्त खरं वाटतं.

जानकूच्या अवसरीच्या फेऱ्या रखमाजीने पाहिल्या होत्या. एक दिवस तो एम-एटी घेऊन सरळ सारजाबाईच्या दिराकडे गेला. "तुमची भावजय बैल परस्पर इकतीय," एवढंच त्याने सांगितलं. दिराने दुसऱ्याच दिवशी बैल दावणीचा सोडला. सारजाबाई आडवी आली, त्याने तिला बाजूला ढकललं. रखमाजीने मधे राहून तो बैल कुशाबाला देऊन टाकला. मग कुशाबाच्या गोठ्यात, इकडेतिकडे बघून, त्याने मला पिशवीतून काढलं आणि त्या बैलाच्या शिंगाला बांधलं. गाठ मात्र त्याला जानकूसारखी जमली नाही. जानकू काठ आत घेऊन बांधायचा, याने काठ बाहेर सोडला.

भगवंतला हे कळायला हवं होतं. त्याने माझी गाठ शेकडो वेळा पाहिली होती.

दुसऱ्या दिवशी रखमाजी त्याला म्हणाला, "चला भाऊ, इघ्नहराचं दर्शन करून येऊ." देवाच्या नावाने निघाले आणि येताना कुशाबाच्या गोठ्यावरून आले. भगवंतने रस्त्यावरूनच बैल पाहिला. बैलाची पारख त्याला होती, असा बैल त्याने जन्मात पाहिला नव्हता. मग त्याची नजर शिंगाकडे गेली. मी वाऱ्यावर हलत होतो. आयुष्यात पहिल्यांदा मला शिंगावर बसल्याची लाज वाटली.

"ह्योच का त्यो, माझ्यासाठी बघितलेला?" भगवंत म्हणाला.

"अवसरीचा हाय म्हनं. मला जास्त काय म्हायती न्हाई, भाऊ," रखमाजी म्हणाला. "त्येचं बी काय कारण आसंल."

भगवंतने कुशाबाला विचारलं असतं की बैल कुणी आणून दिला, तर पाच मिनिटांत सगळं उघडं पडलं असतं. पण ज्याच्याशी बोलणं तोडलं त्याच्या दारात जाऊन विचारायचं कसं? आमच्याकडे माणसं नुकसान सोसतात, पण आधी बोलायला जात नाहीत. भगवंत गोठ्यात शिरला, मला शिंगावरून ओरबाडून काढलं आणि चालता झाला. एक धागा शिंगातच अडकून राहिला. तिथून माझी पट्टी अजून उसवलेली आहे.

बेल्ह्याच्या बाजारात त्या दिवशी टेंपोंची रांग लागली होती. जानकू दुसराच एक जुना पंचा खांद्यावर टाकून एका बैलाचे दात बघत होता. भगवंतने मला त्याच्या पायांवर टाकलं.

"कुशाबाबरूबर बोटं कधी लावली, सांग."

जानकूने मला पाहिलं आणि त्याचा चेहरा आधी उजळला. हरवलेली वस्तू सापडली की माणसाचा उजळतो तसा. मग त्याला प्रश्न कळला. "मी न्हाई लावली. रुमाल यात्रेपास्नं माझ्याकडं नाय, भगवंता."

"आसंल, आसंल," मागून रखमाजी समजुतीने म्हणाला. "हारवला आसंल. मानसाच्या हातनं चूक हुती, भाऊ. सोडून द्या." लोकांनी माना हलवल्या. चूक झाली हे त्या "सोडून द्या"मध्येच ठरून गेलं.

"अवसरीचा कोसा बैल कुनासाठी ठरवला व्हता?" भगवंतचा आवाज चढला. नाटकातलाच आवाज होता तो. "कुनाच्या हातात हात घालून? हितं, समद्यांच्या म्होरं सांग. नाव सांग."

जानकूने तोंड उघडलं. मला वाटलं, आता सांगेल. सारजाबाईचं नाव घ्यायचं, एवढंच होतं. पण भोवती सगळा बाजार उभा होता, आणि माझ्याखाली आलेला तिचा हात माझ्याइतकाच त्यालाही आठवत असणार.

"रुमालाखालचं मी सांगत न्हाई," तो म्हणाला. "तुझं बी कधी कुनाला सांगितलं न्हाई, भगवंता."

तेवढंच पुरलं. सांगत नाही म्हणजे काहीतरी आहेच. भगवंत मागे न बघता निघून गेला. लोक पांगले. लंकाबाई मिरच्या तागडीत टाकता टाकता शेजारणीला म्हणाली, "जानकू बी तसलाच निघाला म्हनायचा." तीच लंकाबाई मित्रांनो, जिने नाटकात वहाण फेकली होती. मी धुळीत पडल्या पडल्या ऐकलं. खरा कारभारी तिच्यापासून चार पावलांवर उभा होता आणि तिच्याकडून मिरच्या घेत होता.

दोन दिवसांनी सारजाबाई जानकूच्या अंगणात येऊन उभी राहिली. दिराला कळलं ते जानकूच्या तोंडून, असं तिलाही वाटत होतं. ती आत आली नाही, पाणीही घेतलं नाही. "दादा, तुमी शब्द दिला व्हता," म्हणाली आणि गेली. जानकू तिच्यामागे पायरीपर्यंत गेला आणि तिथेच बसला.

तुकाबाई त्याला म्हणाली, "जाऊन सांगा भगवंतभाऊंना. नाव घ्या तिचं. तिनं तरी तुमचं काय राखलं?"

"आता नाव घितलं तर लोक म्हनतील, सोताला वाचवायला बाईला म्होरं केली," जानकू म्हणाला. "आन् तिला काय म्हनतील ते तुला म्हायती हाय."

तुकाबाईने मला धुतलं. जानकू मला घेऊन बाजाराला जात राहिला. मित्रांनो, हा भाग सांगताना मला अजून जड जातं. तो नेहमीच्या लिंबाखाली उभा राहायचा, आपला हात पुढे करायचा आणि मला त्यावर टाकायचा. कुणी दुसरा हात घालत नसे. ओळखीचे लोक "राम राम" करून पलीकडच्या दलालाकडे जात. दुपार होईपर्यंत माझ्याखाली त्याचा एकटा हात घामेजून जायचा. बोटं कधी कधी आपोआप हलायची, सवयीने. मग तो हळूच मूठ मिटायचा. मला त्या हातावरून घसरून पडावंसं वाटायचं, म्हणजे त्याला घरी जायला निमित्त मिळालं असतं. पण रुमाल टाकला तसा पडून राहतो.

एका बाजारी तो गेलाच नाही. भाच्याची मेंढरं होती, त्यांच्यामागे हिंडायला लागला. सोडलेला धंदा उतारवयात पुन्हा धरला. मी आधी खुंटीवर गेलो, मग चुलीजवळ, आणि शेवटी टोपलीत. काही वर्षांनी जानकूला लकवा मारला. उजवं अंग गेलं, वाचाही गेली. त्यानंतर तो दारापुढच्या बाजेवर पडून असायचा.

तोवर दोन हजार साल उलटून गेलं होतं. सारजाबाईच्या दिराचं आणि रखमाजीचं कशावरून तरी बिनसलं, तेव्हा दिराने रागाच्या भरात घरातच सगळं बोलून टाकलं. सारजाबाई दुसऱ्या दिवशी एसटीने आली आणि सरळ भगवंतच्या ओट्यापुढे उभी राहिली. ओट्यावर चार माणसं बसलेली होती, रखमाजीही होता.

"रुमालाखाली मी हात घातला व्हता," ती म्हणाली. "मी, ह्या हातानं. बैल तुमच्यासाठीच व्हता, भाऊ. जानकूदादा माझ्या नावासाठी गप बसला. आन् माझ्या दिराला सांगनारा ह्यो तुमच्या शेजारी बसलाय."

भगवंतने रखमाजीकडे पाहिलं. रखमाजीने कप खाली ठेवला. "मी कवा काय म्हनलो, भाऊ? आठवून बघा. मी तर त्याचीच बाजू घेत व्हतो." भगवंतने आठवून पाहिलं असणार. रखमाजी खरंच कधी काही म्हणाला नव्हता. हे सगळं सारजाबाईने नंतर तुकाबाईला सांगितलं आणि टोपलीत मी ऐकलं.

त्याच संध्याकाळी भगवंत आमच्या दारात आला. खूप वर्षांनी आला होता, पायरीची उंचीही विसरला होता. बाजेच्या कडेला बसला. जानकू त्याच्याकडे बघत राहिला. मग भगवंतने विचारलं, "वहिनी, त्यो रुमाल हाय का?"

तुकाबाईने भाकरी ताटात काढली, मला झटकलं आणि दिलं. भगवंतने जानकूचा उजवा हात आपल्या हातात घेतला आणि वर मला पसरलं. मग आत त्याची बोटं हलायला लागली. मी तुम्हाला म्हटलं होतं, बोटांचा अर्थ सांगणार नाही. पण एवढं सांगतो. त्या भाषेत फक्त भाव सांगता येतो. चूक झाली, हे सांगायला तिच्यात एकही बोट नाही. भगवंत नुसताच सगळा हात दाबत होता, सोडत होता, पुन्हा दाबत होता. पलीकडून उत्तर येत नव्हतं. ज्या हाताची ऊब मला पाठ होती, तो गार होता.

"त्यो हात गेलाय, भाऊ," तुकाबाई म्हणाली. "इचारायचं व्हतं तवाच इचारायला पायजे व्हतं."

तेव्हा जानकूने आपला डावा हात हळूहळू आणला, माझा काठ धरला आणि मला बाजूला ओढून टाकलं. खाली काही नव्हतं. एक गेलेला हात होता आणि त्याला धरून बसलेला दुसरा. भगवंत त्यांच्याकडे बघत राहिला आणि मग रडायला लागला. या वेळी तोंडाला लावायला त्याने मला घेतलं नाही.

पुढच्या वर्षी जानकू गेला. रखमाजी अजून बाजारात असतो, यात्रेच्या कमिटीतही आहे. बैलांचे भाव आता मोबाइलवर ठरतात, रुमालाचं काम उरलेलं नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तू शेवटी म्हणतात की आम्हाला जपा. मी तसं म्हणणार नाही. मी फाटलो तर तुकाबाई दुसरं फडकं घेईल, भाकरी गरमच राहील. पण तुमच्या जवळच्या माणसाबद्दल कुणी अर्धंच बोललं आणि गप्प बसलं, तर उरलेलं अर्धं मनात पुरं करू नका. उठा आणि त्याच्या घरी जा. त्याचा हात ऊन आहे तोवर जा, आणि त्यालाच विचारा.